सरळ रेषेचे खूळ

बंगालच्या उपसागरावरील हवाई क्षेत्र अमुक तासांसाठी बंद राहील अशी सूचना, म्हणजे नोटॅम, निघाली की देशातील विज्ञानवार्तांना भरती येते. नकाशावर तांबडी पाचर काढली जाते, तिची लांबी किलोमीटरमध्ये मोजली जाते आणि त्या लांबीवरून क्षेपणास्त्राचे नाव ओळखण्याची शर्यत सुरू होते. त्या पाचरीमुळे चेन्नईहून पूर्वेकडे निघालेली प्रवासी विमाने कोणत्या वाटेने वळली, त्यांनी किती जास्त इंधन घेतले, हा प्रश्न मात्र कुणालाच पडत नाही. तो पडावा अशी ज्यांच्याकडून रास्त अपेक्षा करता येईल असा एक वर्ग देशात आहे. घरच्या संगणकावर विमान चालवणारे हजारो विद्यार्थी आणि हौशी लोक हाच तो वर्ग. त्यांच्याकडे जगाचा नकाशा आहे, खऱ्या विमानाच्या जवळ जाणारे गणिती प्रारूप आहे, प्रत्यक्ष वाऱ्याची आकडेवारी आहे. आणि तरीही त्यांतील बहुसंख्य लोक मुंबई ते चेन्नई अशी एक सरळ रेषा ओढतात, बटण दाबतात आणि खिडकीतून ढग पाहत बसतात.

ढग सुंदर असतात, यात शंका नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरची २०२० ची आवृत्ती आल्यापासून ते इतके सुंदर झाले आहेत की वास्तवाशी साधर्म्य म्हणजे चित्राचे साधर्म्य अशी समजूत रूढ झाली. धावपट्टीवरील टायरच्या खुणा हुबेहूब आहेत की नाहीत, यावर तासन्‌तास वाद घालणारी मंडळी विमान ज्या वाटेने नेतात, त्या वाटेने त्या दिवशी खरे विमान जाऊच शकले नसते, याची त्यांना खंत नसते. विज्ञानाच्या दृष्टीने हा प्राधान्यक्रम उलटा आहे. टायरची खूण ही सजावट असते. मार्गाच्या आखणीत मात्र भूमिती, वातावरणशास्त्र, ऊष्मागतिकी आणि राज्यशास्त्र यांचा एकाच कागदावर हिशेब मांडावा लागतो.

या मंडळींपैकी जे जरा अभ्यासू असतात, ते लगेच बृहद्वृत्ताचा दाखला देतात. पृथ्वी गोल आहे, म्हणून सपाट नकाशावरील सरळ रेषा ही सर्वांत जवळची वाट नव्हे, हे त्यांनी शिकलेले असते. शिकलेले बरोबरच आहे, पण ते कुठे लागू पडते हे तपासायला हवे. मुंबई ते चेन्नई हे अंतर सुमारे १,०३० किलोमीटर. होकायंत्राची दिशा न बदलता जाणारी समदिश रेषा आणि बृहद्वृत्त यांच्या लांबीतील फरक या जोडीसाठी काढला, तर तो अवघा पन्नास मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे धावपट्टीच्या रुंदीएवढा! चेन्नई ते लंडन हे अंतर घेतले तर तोच फरक सुमारे २५० किलोमीटर होतो आणि तिथे बृहद्वृत्ताला खरोखर अर्थ येतो. पण मग ते बृहद्वृत्त नकाशावर उमटवून पाहावे. चेन्नईहून निघालेली ती रेषा सोलापूर आणि नाशिक यांच्या जवळून गुजरातवर जाते, पुढे सिंध आणि बलुचिस्तान ओलांडते, इराण-अफगाण सीमेवरून कॅस्पियन समुद्रावर येते, आणि नंतर थेट क्रिमिया व दक्षिण युक्रेनवर जाऊन पोहोचते. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे. त्याआधी, १७ जुलै २०१४ रोजी, त्याच देशाच्या पूर्व भागावर एक प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे मेली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. ती बंदी ब्रिटिश विमानांना नव्हती. म्हणजे एकाच शहरातून एकाच शहराला, एकाच दिवशी निघालेल्या दोन विमानांची वाट त्यांच्या शेपटीवरील राष्ट्रचिन्हानुसार बदलते. भूमितीच्या पुस्तकात याचे उत्तर नाही. तरीही घरगुती सिम्युलेटरवर आजही लोक क्रिमियावरून निवांत जातात आणि त्या उड्डाणाला वास्तवदर्शी म्हणतात.

देशांतर्गत मार्गाची गोष्ट तर याहून उद्बोधक आहे. १६ मे २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी सांगितले की भारताच्या आकाशापैकी केवळ ६० टक्के भाग नागरी उड्डाणांना मोकळेपणाने वापरता येतो. निर्बंध शिथिल केल्यास विमान वाहतुकीचे वर्षाला सुमारे हजार कोटी रुपये वाचतील. हा आकडा वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानावर छापून आला आणि विसरला गेला. वास्तविक तो प्रत्येक सिम्युलेटरवाल्याने भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. चेन्नईचेच पाहा. मीनंबाक्कमच्या नैर्ऋत्येला हाकेच्या अंतरावर तांबरम हा हवाई दलाचा तळ आहे, पश्चिमेला अरक्कोणम येथे नौदलाचा राजाली तळ आहे, उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर श्रीहरिकोटा आहे. या सगळ्यांच्या मधून नागरी विमानांना वाट काढून दिलेली आहे, आणि ती वाट ठरावीक नावांच्या बिंदूंमधून जाते. मार्गांच्या नावांनाही व्याकरण असते. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार एल, एम, एन, पी ही अक्षरे उपग्रह वा तत्सम साधनांनी क्षेत्र-दिक्चालन करणाऱ्या प्रादेशिक मार्गांची. क्यू, टी, वाय, झेड ही त्याच पद्धतीच्या पण प्रादेशिक जाळ्याबाहेरील मार्गांची. आणि डब्ल्यूसारखी अक्षरे जुन्या, जमिनीवरील रेडिओ-दीपस्तंभांवरून आखलेल्या देशी मार्गांची. हे व्याकरण ज्याला येते, त्याला नकाशाकडे पाहून कोणती वाट कोणत्या काळात आखली गेली असावी याचा अंदाज बांधता येतो.

३० जुलै २०२५ रोजी सायंकाळी जीएसएलव्ही-एफ१६ हा अग्निबाण 'निसार' उपग्रह घेऊन श्रीहरिकोट्याहून उडाला. त्या दिवशीच्या विज्ञानवार्ता सर्वांनी वाचल्या. घरच्या सिम्युलेटरवर त्या संध्याकाळचा खरा वारा आपोआप येऊन बसला असेल. पण त्या वेळी कोणते आकाश बंद आहे हे वाचण्याचे काम माणसालाच करायचे असते. ते किती जणांनी केले असेल? आणि गंमत अशी की हेच लोक अग्निबाणाच्या बाबतीत मात्र वाकडी वाट सहज समजून घेतात. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेकडे निघालेल्या पीएसएलव्हीला श्रीलंकेवरून जाता येत नाही म्हणून तो आधी आग्नेयेकडे जातो आणि मग वळतो, त्या वळणात भारवाहनाची क्षमता खर्ची पडते, म्हणूनच लहान अग्निबाणांसाठी तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडे कुलशेखरपट्टणम येथे दुसरा तळ उभारला जात आहे, हे विद्यार्थी तोंडपाठ सांगतात. अग्निबाणाला लागू असलेला न्याय विमानाला लागू नसतो, असे त्यांना का वाटते, हे कोडेच आहे.

मार्ग आखणे हा या प्रदेशात नवा उद्योग नाही. मीनंबाक्कमच्या शेजारी जो सेंट थॉमस माउंट उभा आहे, त्याच्या पायथ्याशी १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटनने साडेसात मैलांची आधाररेषा मोजायला आरंभ केला आणि त्यातून भारताचे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण जन्मले. (लॅम्बटन १८२३ साली वारला तो वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला, हे कितीतरी मराठी वाचकांना ठाऊक नसते.) आज चेन्नईला उतरणारे प्रत्येक विमान त्या आधाररेषेच्या परिसरातच उतरते. आणि मुंबई-मद्रास हवाई मार्ग तर १९३२ चा आहे. १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल मुंबईला आणले. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ते बल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. बल्लारीच का? मुंबई-चेन्नई सरळ रेषेपासून बल्लारी जेमतेम पन्नास किलोमीटर बाजूला आहे. ताशी शंभर मैलांच्या आसपास जाणाऱ्या एका इंजिनाच्या पस मॉथ विमानाला हजार किलोमीटर एका दमात झेपणारे नव्हते. मध्ये इंधन, सपाट जमीन आणि उतरण्यापुरता उजेड हवा होता. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने निकामी होई म्हणून टाटांना आपला तळ पुण्याला हलवावा लागे. आज कुणी हौसेने त्या पहिल्या उड्डाणाची नक्कल सिम्युलेटरवर करतो, तेव्हा तो पस मॉथचा रंग अचूक निवडतो आणि बल्लारी वगळतो. मग नक्कल कशाची झाली?

आता वाऱ्याकडे. या विषयात दक्षिण भारताइतकी उत्तम प्रयोगशाळा जगात क्वचितच असेल, आणि तिची इतकी उपेक्षाही क्वचितच झाली असेल. शाळेत शिकवले जाते की मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात. ते खालच्या थरातले. जून ते सप्टेंबर या काळात तिबेटच्या पठारावरील वातावरणाचा वरचा थर विषुववृत्ताकडील थरापेक्षा अधिक उष्ण होतो, तापमानाचा उतार नेहमीच्या उलट होतो, आणि त्यामुळे उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जोरदार प्रवाह तयार होतो. या उष्णकटिबंधीय पूर्वीय स्रोतवाऱ्याचे वर्णन पी. कोटेश्वरम् या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ साली केले. त्याचा गाभा चौदा-पंधरा किलोमीटरवर आणि साधारण चेन्नईच्याच अक्षांशाच्या आसपास असतो. प्रवासी विमाने त्याच्या खाली, अकरा-बारा किलोमीटरवर उडतात. पण तिथेही त्याची धार चांगली जाणवते.

समजा त्या उंचीवर पूर्वेकडून ४० नॉट वारा आहे आणि विमानाचा हवेतील वेग ४५० नॉट आहे. चेन्नईहून मुंबईची दिशा साधारण ३११ अंश. वाऱ्याचा मार्गाला समांतर घटक ३० नॉट, आडवा घटक २६ नॉट. जाताना जमिनीवरचा वेग ४८० नॉटच्या जवळ, येताना ४२० च्या. सुमारे ५६० सागरी मैलांना जाताना सत्तर मिनिटे, येताना ऐंशी. चढण-उतरणीचा विचार बाजूला ठेवूनही दहा मिनिटांचा फरक, आणि तोही जमिनीवर नैर्ऋत्येचा वारा पालापाचोळा उडवत असताना, बरोबर उलट्या दिशेचा! अकरावीच्या विद्यार्थ्याला सदिशांची बेरीज एवढ्या ताकदीने दुसऱ्या कोणत्या उदाहरणातून समजेल? मीनंबाक्कमहून दिवसातून दोनदा, सकाळी आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास, हवामान खात्याचा फुगा वर जातो. त्याची निरीक्षणे कुणालाही पाहता येतात. ती पाहून आधी स्वतः वेळ काढावी, मग उडावे, आणि दोन्हींची तुलना करावी. चूक निघाली तर ती कुठे आहे ते शोधावे. प्रयोग म्हणतात तो याला.

जमिनीवरच्या वाऱ्याचेही तसेच आहे. चेन्नईच्या मुख्य धावपट्टीची दोन टोके ०७ आणि २५. ईशान्य मोसमात विमाने पूर्वेकडे तोंड करून उतरतात हे सरळ आहे. परंतु मे-जूनमध्ये सकाळी पश्चिमेचा वारा आणि दुपारी समुद्रवारा आत शिरताच दिशाबदल, असेही होते. म्हणजे मुंबईहून निघताना जे टोक धरले, ते पोहोचेपर्यंत बदललेले असू शकते, आणि त्याबरोबर शेवटचे तीस-चाळीस मैलही. सिम्युलेटरवर बटणाने निवडलेले टोक आयुष्यभर तेच राहते.

उड्डाणपातळीचा नियम थोडक्यात सांगून पुढे जाता येईल: पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम पातळ्या, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम. मुंबईहून चेन्नईला ३५० किंवा ३७०, परतताना ३६०. समाजमाध्यमांवर अभिमानाने टाकलेल्या चित्रांत हा नियम उघड मोडलेला दिसतो. हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीवर समोरासमोर आलेल्या दोन विमानांना १४ हजार आणि १५ हजार फूट या वेगळ्या पातळ्या दिलेल्या होत्या. एक विमान आपली पातळी सोडून खाली आले आणि ३४९ लोक मृत्युमुखी पडले.

इंधनाच्या तक्त्याकडे तर बहुतेक जण ढुंकूनही पाहत नाहीत. टाकी पूर्ण भरून मोकळे होतात. पूर्ण भरलेली टाकी ही खबरदारी वाटते, पण जास्तीचे वजन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते आणि उतरण्याच्या वेळी वजनाची मर्यादा आड येते. खऱ्या आखणीत प्रवासाचे इंधन, अनपेक्षित गोष्टींसाठी थोडी टक्केवारी, पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि त्यावर जेट विमानाला अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढा अखेरचा साठा, असे थर असतात. चेन्नईसाठी पर्याय कोणता? नकाशा पाहून जो तो बंगळुरू सांगतो; अंतर सुमारे २६५ किलोमीटर. ठीक आहे. पण चेन्नईची दुसरी धावपट्टी अड्यार नदीवरच्या पुलावरून जाते, आणि डिसेंबर २०१५ मध्ये त्या नदीने विमानतळच गिळला. विमानतळ अनेक दिवस बंद होता. तेव्हा नागरी उड्डाणे सुरू झाली ती अरक्कोणमच्या नौदल तळावरून, जिथे एरवी प्रवासी विमानाने उतरण्याचा विचारही करू नये. ४ डिसेंबर २०२३ रोजी मिचौंग चक्रीवादळाने पुन्हा धावपट्टीवर पाणी आणले; ३० नोव्हेंबर २०२४ रोजी फेंगल आले. अशा दिवशी चेन्नईकडे येणारी सगळीच विमाने बंगळुरूकडे वळतात. मग तिथे थांबण्याची जागा पुरेल का, घिरट्या किती वेळ घालाव्या लागतील, त्यापेक्षा हैदराबाद किंवा तिरुचिरापल्ली धरावे का, हे प्रश्न निघण्यापूर्वी सोडवायचे असतात. पुण्याच्या हौशी लोकांनाही याचा अनुभव घेता आला असता: लोहगावची धावपट्टी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात दुरुस्तीसाठी पूर्ण बंद होती. सिम्युलेटरमध्ये मात्र ती अखंड चालू होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हा खेळ आहे, यात कुणाचे काय बिघडते? खेळ म्हणून खेळणाऱ्याचे काहीच बिघडत नाही, आणि त्याच्याशी वादही नाही. वाद आहे तो त्या खेळाला पुरावा म्हणून पुढे करणाऱ्यांशी. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळले आणि २६० जीव गेले. त्यानंतर महिनाभर 'सिम्युलेटरवर करून पाहिले' अशा चित्रफितींचा पूर आला. फ्लॅप उघडलेच नव्हते, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या कितीतरी होत्या. जुलैमधील प्राथमिक अहवालात फ्लॅपचा दांडा पाच अंशांवर, म्हणजे नेहमीच्या उड्डाणाच्या जागी आढळल्याची नोंद आली. त्या चित्रफिती करणाऱ्यांना विमानाचे वजन, त्या क्षणीचे तापमान, वारा, इंधन यांपैकी काय माहीत होते आणि काय गृहीत धरले होते, हे त्यांनी सांगितले नाही, कारण आखणी करण्याची सवयच नव्हती. ज्याने एकदा तरी अड्यारच्या पुराच्या दिवसाचा इंधनतक्ता स्वतः मांडला आहे, त्याला आपल्या उत्तरातली कोणती संख्या उसनी आहे हे कळते, आणि ती कळली की आवाज आपोआप खाली येतो.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. विमान कंपन्यासुद्धा मार्ग संगणकाकडूनच काढतात. मग घरी बसलेल्याने हाताने का करावे? खरे आहे, काढतात. पण त्या कागदाची जबाबदारी उड्डाण-नियोजक आणि कप्तान घेतात, आणि स्वीकारण्यापूर्वी तो वाचतात. सिमब्रीफसारखी विनामूल्य सेवा हौशी माणसालाही अनेक पानांचा तसाच कागद देते. त्यात प्रत्येक बिंदूवरचा वारा असतो, नोटॅम असतात, पर्यायी विमानतळ असतो. तो पूर्ण कागद समोर असताना त्यातली मार्गाची एकच ओळ उचलून बाकीचा टाकून देणे, याला संगणकावर विसंबणे म्हणणे हा संगणकाचा अपमान आहे.

आणि अध्यापकवर्गाचे काय? अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालयांत सिम्युलेटरचे नाव काढले की 'गेम खेळू नका' असे ऐकू येते. ज्या देशाची वैमानिकी माहिती प्रकाशिका विमानतळ प्राधिकरण फुकट खुली ठेवते, जिच्यात चेन्नईच्या प्रत्येक आगमन-निर्गमन मार्गाचा तक्ता आहे आणि ज्यातील बदल अठ्ठावीस दिवसांच्या ठरावीक चक्राने येतात, त्या देशातील भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात अजून तोच जुना लंबक मोजला जातो. लंबकाला विरोध नाही, गुरुत्वत्वरण मोजावेच. पण फ्लाइटगिअरसारखा मुक्त सिम्युलेटर साध्या संगणकावर चालतो. त्यासाठी लागणारा खर्च एका बऱ्या सूक्ष्मदर्शकापेक्षा कमी आहे. विद्यार्थ्याला एक तारीख द्यावी, जुलैमधली किंवा डिसेंबरमधली. त्या दिवसाचा फुग्याचा वारा, त्या दिवसाचे नोटॅम आणि विमानाचे वजन द्यावे. मुंबई ते चेन्नई मार्ग, वेळ आणि इंधन त्याने आधी कागदावर काढावे, मग उडून दाखवावे. तोंडी परीक्षेत एवढेच विचारावे: चेन्नईपासून साठ मैलांवर असताना धावपट्टी बंद झाल्याचे कळले, टाकीत अमुक टन आहे, कुठे जाणार, आणि तिथे पोहोचल्यावर टाकीत किती उरेल?